‘ब्लेक्स सेव्हन’ला झोडायचंच असेल तर नीट झोडा

‘ब्लेक्स सेव्हन’ ह्या जुन्या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेचं नाव काढलं की दोन शेरे ठरलेले. पहिला: हलणारे सेट, पुठ्ठ्याची यानं आणि प्रत्येक ग्रह म्हणजे दगडाची खाण. दुसरा तिच्या चाहत्यांचा: ते सोडा हो, गोष्ट बघा. मला दोन्ही पटत नाहीत. पहिला शेरा मारणाऱ्यांना ही मालिका कशी तयार व्हायची ते ठाऊक नसतं, आणि दुसरा शेरा मारणारे पहिल्याचं सगळं म्हणणं आधीच कबूल करून बसतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ह्या मालिकेची पत ह्या दोन वाक्यांत अडकून पडली आहे.

ज्यांनी नावही ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बीबीसी १ वर २ जानेवारी १९७८ ते २१ डिसेंबर १९८१ ह्या काळात चार मोसम, प्रत्येकी १३ भाग, एकूण ५२. कर्ता टेरी नेशन, म्हणजे ‘डॉक्टर हू’ ह्या मालिकेतल्या डालेक नावाच्या खलनायकांचा जनक. पहिल्या मोसमाचे तेराच्या तेरा भाग त्याने एकट्याने लिहिले. पहिल्या तीन मोसमांचा निर्माता डेव्हिड मॅलोनी, आणि चारही मोसमांत संहितांवर हात फिरवणारा ख्रिस बाउचर. कथा अशी की पृथ्वी आणि आसपासच्या वसाहतींवर फेडरेशन नावाची जुलमी राजवट आहे, आणि ब्लेक नावाचा बंडखोर काही कैद्यांना घेऊन एका बेवारस परक्या यानातून तिच्याशी लढतो. त्याच्या बाजूचे लोक चोर, तस्कर, खुनी आणि ॲव्हॉन नावाचा संगणकातला अफरातफरी करणारा हुशार माणूस. बहरात असताना ही मालिका ब्रिटनमध्ये सुमारे एक कोटी लोक बघत होते.

मुळात मुहूर्तच वाईट लागला. ‘स्टार वॉर्स’ लंडनमध्ये झळकला २७ डिसेंबर १९७७ ला. त्यानंतर सहाच दिवसांनी हिचा पहिला भाग. तिकडे सुमारे १ कोटी १० लाख डॉलरचा खर्च. इकडे ‘सॉफ्टली, सॉफ्टली: टास्क फोर्स’ ह्या संपलेल्या पोलिसी मालिकेची जागा आणि तिचंच बजेट, त्यात इफेक्ट्ससाठी भागामागे ५० पौंड धरलेले होते असं सांगितलं जातं. पोलिसी मालिकेला फुटकी काच आणि बंदुकीचा बार पुरतो. इथे यान, टेलिपोर्ट (माणसाला क्षणात दुसरीकडे पोचवणारं यंत्र), परग्रह आणि स्फोट सगळंच त्यात बसवायचं. प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर नुकतंच पाहिलेलं दुसरंच काही असताना पहिलं मत बनलं, आणि ते पुढे कोणी तपासून पाहिलं नाही.

आता ‘सेट स्वस्त दिसतात’ ह्याबद्दल. दिसतात, आणि त्याचं कारण फक्त पैसा नाही. त्या काळच्या बीबीसीत नाट्यमालिका अशा बनत: नॉर्थ ॲक्टनच्या तालमीच्या इमारतीत रिकाम्या खोलीत जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवून भिंती-दारांच्या जागा आखायच्या, तिथे तालमी करायच्या, आणि मग टेलिव्हिजन सेंटरच्या स्टुडिओत एक-दोन दिवसांत सगळं व्हिडिओ टेपवर घ्यायचं. एका प्रसंगाला एकाच वेळी चार-पाच कॅमेरे चालू, आणि कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र घ्यायचं ते वरच्या कंट्रोल रूममध्ये तिथल्या तिथे ठरायचं. आता चार दिशांनी कॅमेरे बघत असतील तर प्रकाशही सगळीकडून सारखा पाडावा लागतो. सावली एका कॅमेऱ्याला शोभली तरी दुसऱ्याच्या चित्रात नको तिथे येते, म्हणून वरून भरपूर, सपाट उजेड. सपाट उजेडात प्लायवूड प्लायवूडच दिसतं. तोच पृष्ठभाग एका बाजूने, कमी उजेडात दाखवला असता तर धातू म्हणून खपून गेला असता.

पुरावा मालिकेतच आहे. ‘टाइम स्क्वॉड’ ह्या चौथ्या भागातलं बाहेरचं चित्रण ओल्डबरीच्या अणुवीज केंद्रावर झालं, १६ मिलिमीटर फिल्मवर, एका कॅमेऱ्याने. तिथे प्रत्येक शॉटचा प्रकाश वेगळा बांधता येतो. पैसे तेवढेच, माणसं तीच, पण ती दृश्यं आजही पटतात. ‘पुठ्ठा’ म्हणून हिणवणाऱ्यांनी हे दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

दुसरी अडचण घड्याळाची. स्टुडिओचे दिवे रात्री दहाला बंद व्हायचे. एखादा प्रसंग पावणेदहाला सुरू झाला की पहिलाच टेक पदरात घ्यायचा. नटाचा शब्द अडखळला, सरकतं दार अर्ध्यावर थांबलं, तरी तेच प्रक्षेपित होणार. शिवाय सेट रातोरात उभा करून रातोरात उतरवायचा, कारण त्याच स्टुडिओत दुसऱ्या कार्यक्रमाचं चित्रीकरण. त्यामुळे भिंती हलक्याच हव्यात, आणि हलकी भिंत कोणी धडकलं की हलते. प्रायोगिक नाटकाला जाणारा आपला प्रेक्षक दोन खुर्च्या आणि एक पडदा बघून घर समजून घेतो, तो करार इथेही गृहीत होता. ही माणसं टीव्हीवर नाटक करत होती.

क्रोमा-की, म्हणजे बीबीसीच्या भाषेत सीएसओ, हे मात्र खरोखर दुखणं आहे. एका ठरावीक रंगाच्या पार्श्वभूमीपुढे नट उभा करायचा आणि त्या रंगाच्या जागी दुसरं चित्र भरायचं. हे तेव्हा प्रत्यक्ष रेकॉर्डिंगच्या वेळीच होई, नंतर बसून दुरुस्त करायची सोय जवळजवळ नव्हती. केसांच्या कडेला रंगीत झालर येते. काच किंवा चकचकीत कपडा तो रंग परावर्तित करतो आणि तिथे भोक पडून मागचं चित्र डोकावतं. पायाखाली सावली नसल्याने माणूस तरंगल्यासारखा वाटतो. ह्यावर टीका करा, ती रास्त आहे.

छोट्या प्रतिकृतींबद्दल मात्र हात जोडतो. रॉजर मरी-लीचने रचलेलं ‘लिबरेटर’ यान, पुढे तीन लांब सुळके आणि मागे हिरवा चमकणारा गोळा, हे टीव्हीवरच्या सर्वांत देखण्या यानांपैकी एक आहे. प्रतिकृती जास्त वेगाने फिल्म फिरवून टिपतात, म्हणजे नेहमीच्या वेगाने दाखवताना ती संथ, जड, म्हणून मोठी वाटते. पैसे नसल्यामुळे झालं काय, तर तेच चार-सहा शॉट भागामागून भाग पुन्हा पुन्हा वापरले. पंधराव्यांदा पाहिलं की डोळा चुका शोधायला लागतो.

आज बघताना होणारी निम्मी नाराजी तर आपल्या टीव्हीच्या सेटिंगमुळे असते. स्टुडिओतला व्हिडिओ सेकंदाला ५० फील्डचा (फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र), फिल्म सेकंदाला २५ फ्रेमची. दाराबाहेर पाऊल टाकताच चित्राचा पोत बदलतो तो त्यामुळे. हा बदल मूळचाच आहे. पण ऑनलाइन फिरणाऱ्या अनेक प्रतींमध्ये ५० फील्डचं २५ फ्रेममध्ये रूपांतर केलेलं असतं. मग हालचाल अडखळते, कडांना कंगव्याचे दात येतात, आणि नटांचा अभिनयसुद्धा लाकडी वाटायला लागतो. डीव्हीडी किंवा ब्लू-रे मिळत असेल तर तीच घ्या. टीव्हीचं मोशन स्मूदिंग बंद करा, शार्पनेस खाली आणा, आणि चित्र ४:३ मध्येच ठेवा. १६:९ ला ताणलं तर लिबरेटरची सगळी ऐट जाते, आणि झूम केलं तर माणसांची डोकी कापली जातात.

मग समीक्षकांनी झोडायला हवं होतं कशाला? बायकांच्या भूमिकांना. ब्लेकच्या टोळीतली जेना ही पहिल्या दोन भागांत तस्कर, वैमानिक, हजरजबाबी. दुसऱ्या मोसमापर्यंत तिच्याकडे टेलिपोर्टच्या टेबलामागे बसून बटणं दाबण्याचं काम उरतं. टोळीतल्या कॅलीचं तेच. गनिमी युद्ध करून आलेली बाई भाग-भाग वाट बघत बसते. सर्वलान ही खलनायिका तेवढी वाचली, आणि तिला एकाच भागापुरतं आणलं होतं. जॅकलिन पिअर्सने ती इतकी थंड आणि इतकी डौलदार केली की तिला सोडणं शक्यच झालं नाही. झोडायला हवं होतं तिसऱ्या मोसमातल्या भरताड भागांना, जिथे मूळ लढाई विसरून दर आठवड्याला नवा ग्रह, नवा वेडा शास्त्रज्ञ. ह्या उणिवा कागदावरच्या आहेत, ५० पौंडांचे ५०० केले असते तरी गेल्या नसत्या.

आणि ताकदही कागदावरचीच आहे. ‘ऑर्बिट’ हा चौथ्या मोसमातला अकरावा भाग घ्या, लेखक रॉबर्ट होम्स. ॲव्हॉन आणि टोळीतला चोर व्हिला एका शटलमध्ये अडकलेत. यान जड झालंय, कक्षेत पोचणार नाही. दोघं मिळून हाताला येईल ते बाहेर फेकतात. अजून ७० किलो कमी व्हायला हवेत. ॲव्हॉन वैतागून विचारतो, ७० किलोचं आहेच काय इथे? ओरॅक हा संगणक शांतपणे सांगतो की व्हिलाचं वजन ७३ किलो आहे. ॲव्हॉनच्या चेहऱ्यावर पॉल डॅरो फार काही आणत नाही. पिस्तूल उचलतो आणि व्हिलाला गोड आवाजात हाका मारत शोधायला निघतो. मायकल कीटिंगचा व्हिला एका खबदाडीत अंग चोरून, तोंड दाबून बसलेला. चार वर्षं विनोदासाठी वापरलेलं पात्र तिथे रडतं. शेवटी जडपणाचं कारण वेगळंच निघतं आणि दोघं वाचतात, पण झालेलं पुसलं जात नाही. ह्या प्रसंगाला लागलं काय? एक अरुंद सेट आणि दोन नट.

शेवटाबद्दल आता लिहितो. ज्यांना बघायची आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.

२१ डिसेंबर १९८१, नाताळला चार दिवस. ‘ब्लेक’ ह्या शेवटच्या भागात ॲव्हॉन बऱ्याच काळाने ब्लेकला गाठतो, त्याने आपल्याला विकलं असा गैरसमज करून घेतो आणि त्याला गोळ्या घालतो. मग एकेक करून बाकीचे पडतात. ॲव्हॉन ब्लेकच्या देहावर उभा, भोवती सैनिक, तो बंदूक उचलतो, हसतो, आणि गोळ्यांचा आवाज येतो श्रेयनामावलीवर. ब्लेकचं काम करणाऱ्या गॅरेथ थॉमसची अटच होती की ब्लेक निःसंशय मेलेला दिसला पाहिजे, म्हणून रक्त फक्त त्याच्याच अंगावर आहे. कौटुंबिक वेळेतल्या मालिकेने आपल्या नायकाला मित्राच्याच हातून मारणं, तेही नैतिक दिलासा न देता, हे धाडस तेव्हाच्या ब्रिटिश टीव्हीवर क्वचितच दिसतं.

पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी क्रम: ‘द वे बॅक’, ‘स्पेस फॉल’ आणि ‘सिग्नस अल्फा’ हे पहिले तीन सलग. पहिल्या भागात ॲव्हॉन नाही, म्हणून तो गाळायचा सल्ला मिळेल. ऐकू नका, फेडरेशन किती क्रूर आहे ते तिथेच कळतं. मग ‘टाइम स्क्वॉड’ आणि सर्वलानसाठी ‘सीक-लोकेट-डिस्ट्रॉय’. दुसऱ्या मोसमातले ‘प्रेशर पॉइंट’, ‘ट्रायल’ आणि ‘स्टार वन’. तिसऱ्यातले ‘रूमर्स ऑफ डेथ’ आणि ‘टर्मिनल’. चौथ्यातला पहिला ‘रेस्क्यू’, मग ‘ऑर्बिट’, आणि त्यानंतर ‘ब्लेक’. अकरा-बारा तासांचं काम आहे. घाईत थेट ‘ब्लेक’ लावलात तर चार अनोळखी माणसं एका खोलीत गोळ्या खाताना दिसतील आणि सेट हलतोय का तेच बघत बसाल.