तळ्यावरचे पोलीस दंडासाठी येत नाहीत

उन्हाळा लागला की अमेरिकेतल्या आमच्या मराठी ग्रुपवर एक मेसेज फिरतो : 'तळ्यावरचे पोलीस दंड गोळा करायलाच येतात. बोटवाले पेट्रोलवर कर भरतात, त्यातून त्यांचं भागतं. आणि बुडायचं असेल तो बुडणारच.' यातलं एकही विधान टिकत नाही.

कराचं आधी बघू. गॅलनमागे १८.४ सेंट केंद्रीय कर १९९३ पासून एका सेंटनेही वाढलेला नाही. महागाई मात्र दुपटीपुढे गेली. बोटींच्या पेट्रोलवरचा हा कर एका केंद्रीय निधीत जातो. त्याच निधीतून मत्स्यसंवर्धन आणि पाणथळ जागांची कामंही चालतात, बोटींच्या सुरक्षिततेला त्यातला एक वाटाच येतो. तोही राज्याने आपल्याकडून तेवढीच रक्कम घातली तर. म्हणजे राज्याने हात आखडला की केंद्राचे पैसेही अडकतात. माणसांचं तेच. शिकारीचे परवाने तपासणारा वॉर्डनच बऱ्याच राज्यांत बोटीही तपासतो.

दंडाचं म्हणाल, तर मागच्या जुलैत मंडळाच्या सहलीत आम्ही पाँटून बोट (पोकळ नळ्यांवर तरंगणारी सपाट बोट) भाड्याने घेतली होती. गस्तीच्या बोटीने थांबवलं. अधिकाऱ्याने आधी माणसं मोजली, अकरा. मग सीटखालची लाइफ जॅकेट बाहेर काढायला लावली, आठ, त्यातली तीन अजून प्लास्टिकच्या पिशवीत. पावती फाडली नाही. बोट धक्क्याला न्यायला लावली आणि आणखी तीन जॅकेट आणल्याशिवाय सोडलं नाही. वहिनींच्या मांडीवर चार वर्षांची मुलगी होती. त्याने थांबवलं नसतं तर आम्ही तसेच पुढे गेलो असतो, हे मला आजही बोचतं.

'बुडणारच' हे तर साफ खोटं. अमेरिकी कोस्ट गार्डच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये बोटींच्या अपघातांत ५६४ जण गेले. मृत्यूचं कारण कळलं त्यांतले तीन चतुर्थांश बुडून, आणि बुडालेल्यांपैकी ८७ टक्क्यांच्या अंगात जॅकेट नव्हतं. कारण माहीत असलेल्या जीवघेण्या अपघातांत दारूचा नंबर पहिला. १९७३ मध्ये मृत्यूंचा एकूण आकडा १,७५४ होता. तो खाली आला त्याचं सगळं श्रेय पोलिसांना नाही, जॅकेटच्या सक्तीला आणि बोटींच्या बांधणीच्या नियमांनाही आहे. पण नियम पाळला जातो की नाही हे बघायला पाण्यावर कुणीतरी लागतंच.

आमच्या काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) बजेटवर खुली सुनावणी होते. यंदा तळ्यावरच्या गस्तीच्या बाजूने बोलायला यादीत मी नाव घातलं आहे.