सगळेच एजंट फसवे नसतात, पण...

लेखात सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारा स्कोअर, सुधारून देणाऱ्या सगळ्याच एजंटांना फसवे ठरवलंय, ते पटलं नाही. फी घेऊन कुणाची तक्रार लिहून देणं हा गुन्हा नाही. आपल्या नागपुरात बर्डीवर आयकराचे रिटर्न भरून देणारे बसतातच ना? भानगड सुरू होते ती ‘डिफॉल्ट (कर्ज थकवल्याची नोंद) पुसून देतो, गॅरंटी’ म्हटलं की. खरी नोंद अशी पुसता येत नाही, आणि चुकीची असेल तर दुरुस्त करून घ्यायला एक रुपया लागत नाही. पतमाहिती कंपन्यांच्या २००५ च्या कायद्यानेच तो हक्क दिलाय. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरी नाहीच ऐकलं तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, तोही फुकट.

इतवारीतल्या एका ओळखीच्या दुकानदाराला एजंट म्हणाला, ‘हे कर्ज माझं नाहीच, असं लिहून द्या.’ कर्ज त्याचंच होतं! वर पॅन आणि ओटीपीही देऊन बसला बिचारा.

नैतिकतेचं म्हणाल तर बँकांनाही विचारा. ‘सेटलमेंट करा (थोडी रक्कम भरून मिटवा), मोकळे व्हा’ म्हणणारा वसुलीवाला, रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढचं कर्ज अडतं, हे का सांगत नाही? जमत असेल तर उरलेली रक्कम भरा, ‘क्लोज्ड’ करून घ्या आणि एनओसी, म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र, लेखीच मागा.