कीर्तनात राजकारण आजच घुसले?

सध्या हातोहात फिरणाऱ्या एका मजकुराचे सार असे आहे : कीर्तन म्हणजे केवळ हरिनाम; सातशे वर्षांत एकाही कीर्तनकाराने समाजकारण वा राजकारण नारदाच्या गादीवर आणले नाही; श्रोत्यांना हसवणे, प्रश्न विचारणे हे अलीकडचे थेर आहेत; आणि परंपरेने कीर्तनकाराला घातलेले बंधन एकच, ते विषयाचे. यातल्या प्रत्येक विधानाचा स्वतंत्र विचार केला पाहिजे.

पहिल्या विधानात थोडे तथ्य आहे. वारकरी कीर्तनात एकच अभंग घेऊन त्याचे चरणाचरणाने निरूपण करायचे आणि प्रमाणे संतवचनांचीच द्यायची, ही शिस्त जुनी आहे आणि ती मोलाचीही आहे. पण निरूपणाला घेतलेला अभंग चोखोबांचा असेल तर काय करायचे? विटाळाविषयी चोखोबांनी जे विचारले आहे, ते देवाला जितके आहे तितकेच गावालाही आहे, आणि वेशीबाहेरच्या वस्तीचा उल्लेख टाळून त्या अभंगाचा अर्थ सांगू पाहणाऱ्याला एकतर गप्प बसावे लागेल किंवा खोटे बोलावे लागेल. तुकोबांच्या गाथेत पाइकाचे, म्हणजे शिपायाचे, अभंगही आहेत. तेव्हा समाज कीर्तनात बाहेरून आणावा लागत नाही, तो अभंगातच असतो.

दुसरे विधान तर सरळ चुकीचे आहे. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात तत्त्वाचे विवेचन आणि उत्तररंगात ते पटवणारे आख्यान, अशी रचना असते. विसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. दत्तोपंत पटवर्धन यांनी याच चौकटीत स्वदेशी आणि स्वराज्य हे विषय मांडले. आख्यानाला पुराणकथेच्या जोडीने इतिहासातले प्रसंग आले, आणि त्यातून ‘राष्ट्रीय कीर्तन’ हा स्वतंत्र प्रकार रूढ झाला. त्याला टिळकांचे उत्तेजन होते, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे : वर्तमानपत्राला वाचता येणारा माणूस लागतो, तर कीर्तनाला ऐकू येणारा पुरतो, शिवाय देवळात जमलेल्या श्रोत्यांना पांगवणे सरकारलाही जड जात असे. पुढे खंजिरीवर भजने म्हणणाऱ्या तुकडोजी महाराजांना १९४२ च्या आंदोलनात सरकारने तुरुंगात टाकले. निव्वळ हरिनामासाठी कोणी कोणाला पकडत नाही. मे १९४७ मध्ये विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा त्यांना जागा मिळाली ती तनपुरे महाराजांच्या मठात. वारकऱ्यांमध्ये या प्रश्नावर दोन तट होते हे खरे. पण तट पडले याचा अर्थच असा, की प्रश्न संप्रदायाच्या आत पोहोचला होता.

हसवण्याबद्दल आणि प्रश्न विचारण्याबद्दल लिहिताना मजकूरकर्त्याला गाडगेमहाराज (१८७६–१९५६) आठवू नयेत, याचे आश्चर्य वाटते. हातात खराटा घेऊन दिवसा गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहायचे, हा त्यांचा क्रम होता. कीर्तन वऱ्हाडी बोलीत, आणि जवळजवळ सगळे प्रश्नोत्तरांनी चाललेले : देवाला आंघोळ कोण घालतो, त्याच्यापुढचा नैवेद्य कुत्र्याने नेऊ नये म्हणून राखण कोण करतो, अशी साधी विचारणा करायची आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढायचे. माणसे हसत आणि हसता हसता आपण कशाला हसलो हे त्यांच्या ध्यानात येई. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, देवाला बकरे कापू नका, शिवाशीव पाळू नका, पोटाला चिमटा घ्या पण पोरांना शाळेत घाला, हा सगळा उपदेश गोपाला-गोपालाच्या गजरात बसवलेला असे. याला थेर म्हणायचे असेल तर ते निदान अलीकडचे नाहीत.

उरले बंधन. ते होते, पण मजकुरात सांगितले आहे ते नव्हे. जेथे कीर्तन करावे तेथे अन्न घेऊ नये, कपाळी बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, इतकेच काय, आपल्या तट्टाबैलासाठी दाणावैरणही मागू नये, असे तुकोबांनी बजावले आहे, आणि द्रव्य घेणारा व देणारा अशा दोघांनाही त्यांनी नरकाची वाट दाखवली आहे. त्या अभंगात विषयाबद्दल अक्षर नाही. जे आहे ते कीर्तनकाराच्या मिंधेपणाबद्दल आहे. निवडणुकीच्या तोंडावर उमेदवाराच्या खर्चाने सप्ताह भरतो आणि गादीवरून त्याचे गुणगान होते, त्याला माझाही विरोध आहे. मात्र तो विरोध तुकोबांच्या आधाराने करता येतो. त्यासाठी पटवर्धनांना आणि गाडगेबाबांना परंपरेतून वगळावे लागत नाही. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या गावच्या सप्ताहात कीर्तनकाराला पाकीट देताना हा अभंग आठवला, ते त्यांचे त्यांनी पाहावे.