सगळीच पोकळी मिटत नाही
टर्बाइनच्या पात्यांवरचा लेख आवडला, पण ‘हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंग केलं की टर्बाइनच्या पात्यातली सगळी पोकळी नाहीशी होते’ हे त्यातलं वाक्य खटकलं. हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंग म्हणजे ओतीव धातूचा भाग तापवून त्यावर चहूबाजूंनी वायूचा दाब देणं. गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, तपासणं हेच माझं काम, म्हणून लिहितो. निकेलच्या मिश्रधातूंसाठी भट्टीत सुमारे 1200 अंश सेल्सिअस तापमान आणि 1000 बारच्या आसपास दाबाचा आरगॉन वायू असतो. समुद्रात दहा किलोमीटर खोल बुडी मारल्यासारखा दाब, तोही चहूबाजूंनी! त्याने आतली बंद पोकळी मिटते, तिच्या भिंती एकजीव होतात. पण पोकळीचं तोंड पृष्ठभागावर उघडं असेल तर वायू आतही शिरतो. आत-बाहेर दाब सारखाच, मग मिटणार काय कपाळ? अशी तोंडं आधी वेल्डिंगने किंवा लेप देऊन बुजवावी लागतात. ऑक्साइडचा कचरा तर जिथल्या तिथेच राहतो. शिवाय भट्टी सावकाश थंड झाली की मिश्रधातूला बळ देणारे गॅमा प्राइमचे कण जाडे होतात, म्हणून पुढे वेगळा उष्णोपचार आलाच. त्याचा खर्च लेखातल्या हिशेबात दिसला नाही. 1955 मध्ये अमेरिकेतल्या बॅटेल संस्थेत ही पद्धत अणुइंधनावर धातूचं आवरण चढवायला निघाली, हेही यायला हवं होतं.