'नाटकवाल्यांना कॅमेरा झेपत नाही' म्हणणाऱ्यांनी दयाहांग राई पाहिलाय का?

आमच्या हौशी नाटक मंडळातल्या एका मुलीने परवा मला एक मजकूर पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, हे खरं आहे का?" तो मजकूर तुमच्यापर्यंतही आला असेल. रंगभूमीवर घडलेला नट सिनेमात टिकत नाही, असा त्याचा दावा आहे, आणि पुराव्यादाखल नेपाळचं उदाहरण दिलंय. तिथला सिनेमा म्हणजे हिंदीची नक्कल, तिथले नाटकवाले कॅमेऱ्यासमोर भडक वाटतात, 'लूट' हा एकच सिनेमा नशिबाने चालला, त्यांना हिरोचा चेहरा नाही, आणि शेवटी ते नाटकही सोडून बसले, असं म्हटलंय. शेवटी तरुणांना सल्ला आहे की तालमीत वर्षं घालवू नका.

मी पंचवीस वर्षं रत्नागिरीत हौशी नाटक करतोय आणि नेपाळी सिनेमा मन लावून पाहतो. लिहिणाऱ्याने तो पाहिलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी भडकपणाचं घेऊ. आपल्याकडे नाट्यगृह म्हटलं की सातशे-आठशे खुर्च्या आणि बाल्कनी डोळ्यांसमोर येते. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं म्हणून आवाज लावायचा, हात मोठा उचलायचा, ही आपली सवय. काठमांडूच्या ज्या रंगभूमीबद्दल आपण बोलतोय तिचं गणित वेगळं आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेले रंगकर्मी सुनील पोखरेल यांची 'आरोहण' ही नाट्यसंस्था १९८२ साली सुरू झाली आणि २००२ मध्ये काठमांडूतल्या पुरानो बानेश्वरला तिची नाट्यशाळा 'गुरुकुल' उभी राहिली. तिथली नाटकघरं छोटी होती, नट आणि पहिली रांग यांच्यात जेमतेम काही हातांचं अंतर. पुढे अनामनगरला आलेलं 'मंडला' हे नाटकघरही त्याच घडणीचं. समोरच्या माणसाचा श्वास ऐकू येतो अशा जागी कोणी ओरडत नाही. तिथे खोटी नजर लगेच पकडली जाते. अशा खोलीत रोज संध्याकाळी उभा राहिलेला नट कॅमेऱ्याला का घाबरेल?

दाखला हवा असेल तर 'सेतो सूर्य' बघा. दीपक रौनियार यांचा हा सिनेमा २०१६ साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. याच रंगभूमीवरून आलेला नट दयाहांग राई त्यात चंद्रा आहे. माओवादी लढाईत गेलेला हा मुलगा वडील वारल्यावर डोंगरातल्या गावी परततो. प्रेत माडीवर आहे. गावात तरुण पुरुष उरलेले नाहीत, बायकांनी प्रेताला हात लावायचा नाही असा रिवाज, आणि प्रेत खिडकीतून बाहेर काढावं लागतं. ते खाली उतरवताना दोन भाऊ खांद्याला खांदा लावून उभे आहेत. एक राजाचा पक्ष धरणारा, दुसरा राजाविरुद्ध लढलेला. उतारावर त्यांची जुंपते आणि राजाच्या पक्षातला भाऊ निघून जातो. या सगळ्यात दयाहांग फार थोडं बोलतो. चंद्राचं लाजिरवाणं एकटेपण तो चालण्यातून आणि मान वळवण्यातून दाखवतो. भडकपणा शोधायचाच तर कुठे शोधायचा, मला कळत नाही.

'लूट' नशिबाने चालला, हा दुसरा मुद्दा. निश्चल बस्नेत यांचा हा सिनेमा २०१२ चा. गुरुकुलमध्ये घडलेला सौगात मल्ल त्यात हाकु काले आहे, दयाहांग गोफले. बँक लुटायला हाकु माणसं गोळा करतो, प्रत्येकाची अडचण हेरतो आणि तिच्यावरच बोट ठेवतो. नशिबाने एखादा सिनेमा चालतो, हे मान्य. पण त्यानंतर दयाहांगचा 'कबड्डी' आला आणि त्याचे पुढचे भाग २०२२ पर्यंत येत राहिले. दरम्यान खगेन्द्र लामिछाने या रंगभूमीवरून आलेल्या नटाने 'तलकजंग भर्सेस टुल्के' आणि 'पशुपतिप्रसाद' स्वतः लिहिले आणि त्यांत प्रमुख भूमिकाही केल्या. 'पशुपतिप्रसाद'मधला विपिन कार्कीचा भस्मे डॉन लोक अजून विसरलेले नाहीत. तोही नाटकातलाच. दहा वर्षं आणि इतकी माणसं, याला नशीब म्हणत नाहीत.

आता चेहरा. हा मुद्दा वाचून मला खरंच राग आला. दयाहांग पूर्व नेपाळच्या भोजपूरचा, राई समाजातला. त्याचा चेहरा, त्याची डोंगरी वळणाची नेपाळी बोली, हे सगळं हिंदी सिनेमाने आपल्याला फक्त गेटवरचा गुरखा म्हणून दाखवलं. आणि आपणही ते मुकाट मान्य केलं.

आमच्याकडे आंब्याच्या हंगामात बागा राखायला नेपाळी कामगार येतात. आमच्या शेजारच्या बागेत एक जण पूर्वेकडचा, बाकीचे पश्चिम नेपाळचे. एका रात्री मांगराच्या पडवीत, रिकाम्या क्रेटला मोबाइल टेकवून ते 'कबड्डी' बघत होते. मीही टेकलो. मुस्ताङ या डोंगराळ जिल्ह्यातल्या काजीचा, म्हणजे दयाहांगचा, जीव मामाच्या मुलीवर जडलेला, आणि ती त्याला धूप घालत नाही. मामाची मुलगी म्हटल्यावर मला काही समजावून सांगावं लागलं नाही, आपल्याकडेही तो हक्काचाच विषय! काजी चिडतो, रुसतो, पुन्हा तिच्या दारात जातो. पूर्वेकडचा तो पोरगा पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "दयाहाङ दाइ हाम्रै जस्तो बोल्छ." आमच्यासारखाच बोलतो. एवढंच म्हणाला, पण कितीतरी वेळ हसत होता.

हिरोचा चेहरा म्हणजे काय, हे त्या पडवीत बसलेल्यांना विचारावं. २०२३ मध्ये उपेन्द्र सुब्बा यांचा 'जारी' आला. लिम्बू समाजातल्या चालीरीतींवरचा हा सिनेमा, आणि त्याचा नायकही दयाहांगच. असा चेहरा आणि अशी बोली कथेच्या मधोमध आली, ती रंगभूमीवर तयार झालेल्या माणसांमुळे. नाटकात ते आधीच नायक झालेले होते.

हिंदीची नक्कल हा आरोप मात्र पूर्ण खोटा नाही. जुन्या नेपाळी सिनेमांत तीच मारामारी, तीच झाडांमागची गाणी पुष्कळ आहेत. पण म्हणूनच या नटांचं मोल जास्त. त्यांनी त्या साच्यात बसायचं नाकारलं.

राहिलं नाटक सोडण्याचं. शूटिंग सुरू झालं की प्रयोगाच्या तारखा मिळत नाहीत, हे कुठल्याही गावात खरं आहे आणि त्यात नाटकाचं नुकसान होतं, ते मी नाकारत नाही. पण 'मंडला' उभं करणाऱ्यांत दयाहांग स्वतः होता. गुरुकुलला बानेश्वरची जागा सोडावी लागली, तरी तिथून निघालेली माणसं गप्प बसली नाहीत. काठमांडूतच बत्तीसपुतलीला युवराज घिमिरेंचं 'शिल्पी' हे नाटकघर आहे. काठमांडूत आज तिकीट काढून नाटक बघायला एकाहून जास्त जागा आहेत, आणि रंगमंचावरची पोरं उद्या पडद्यावर दिसतात.

त्या मुलीला मी हे सगळं फोनवर सांगितलं, आणि 'सेतो सूर्य' शोधून बघायला सांगितलं. तिने रात्री दीडला मेसेज केला: "दादा, तो खिडकीचा सीन मी तीनदा बघितला."