४५० कॅलरीच्या बोर्डाबद्दल मालकांचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या बुरिटोबद्दलचा (म्हणजे पोळीत अंडी, राजमा, बटाटा गुंडाळलेला रोल) तुमचा रिव्ह्यू वाचला. त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. रविवारी पावणेअकराला आमच्याकडे उभं राहायला जागा नसते. अर्धा तास थांबावं लागलं, ते चुकलंच.

पण "बोर्डावर ४५० कॅलरी लिहितात, कॅलरी मोजायच्या ॲपवर ७८० निघतात, जिरवायला दहा वेळा पर्वतीची टेकडी चढावी लागेल, ही सरळ फसवणूक आहे" हे जे लिहिलंय ना, त्यातला शेवटचा शब्द दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

ते ४५० मी हवेतून काढलेले नाहीत. माझी मुलगी बीएस्सीला आहे, तिने एकेक जिन्नस काट्यावर ठेवून हिशोब केला. मैदा-कणकेची आठ इंची पोळी १५०, दोन अंडी १४०, राजमा ६५, उकडलेला बटाटा ५० आणि एक छोटा चमचा तेल ४५. करा बेरीज. गर्दीत पोऱ्याचा हात तेलाला थोडा सैल सुटतो, हे मान्य.

आता तुमची ऑर्डर. मी स्वतः गल्ल्यावर होतो म्हणून लक्षात आहे. "दोन क्यूब चीज किसून टाका, मेयो हात राखून नको, आणि वरून बटर लावून भाजा." चीजचे १५०, मोठा चमचाभर मेयोचे १००, बटरचे ७०. झाले ७७०. म्हणजे तुमच्या ॲपचा आणि आमच्या मुलीचा फरक फक्त दहाचा! ॲप खोटं नाही ताई, पण मग बोर्ड तरी कसा खोटा? बुरिटो म्हणजे स्पॅनिशमध्ये छोटं गाढव म्हणतात. ओझं आपण लादू तेवढं.

"चीज, मेयो, बटर वेगळं" असं बोर्डावर खाली लिहिलेलं आहे. खडूने आहे, बारीक आहे, आणि तिथेच पाण्याचा जग ठेवलेला असतो. ती चूक आमची.

पर्वतीचं म्हणाल तर दहा फेऱ्यांनी भागणार नाही. १०३ पायऱ्या चढून उतरलं तर साठेक किलोच्या माणसाच्या माझ्या अंदाजाने पन्नास-साठ कॅलरीच जातात. म्हणजे तेरा ते पंधरा फेऱ्या झाल्या. सपाटीवर भरभर चालायचं तर तीन-साडेतीन तास. हे लिहून मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेतोय, असं बायको मागून सांगतेय. पण नुसतं झोपून राहिलं तरी शरीर दिवसाला बाराशे-तेराशे कॅलरी वापरतंच. सकाळचा प्रत्येक घास पर्वतीवर नेऊन जिरवावा लागत नाही. सिंहगड चढून गेल्यावर आपण पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि वर मडक्यातलं दही खातो, तेव्हा कोण ॲप उघडतं? असो, हा विषय वेगळा.

गाळ्याचं भाडं दर महिन्याला वाढल्यासारखं वाटतं, आणि तुमचे दोन स्टार आल्यापासून घरपोच ऑर्डरी कमी झाल्यात. अकरा वर्षं अंडाभुर्जीची गाडी लावून मग हा गाळा घेतला. लोक अजून बुरिटोला फ्रँकीच म्हणतात, ते चालतं. फसवणूक म्हटलेलं नाही चालत.

बोर्ड नवा करायला टाकतोय, चीजचे आकडे मोठ्या अक्षरात येतील. पेंटर गावाला गेलाय, आला की लगेच. गर्दीचंही बघतो काहीतरी.

पुन्हा या. बिनचीजचा, तुमच्यासमोर काट्यावर ठेवून करून देतो. आणि हो, त्या दिवशीची आइस्क्रीम घातलेली कोल्ड कॉफी वरच्या ७७० मध्ये धरलेली नाही.