शत्रूची भाषा आणि माझी उन्हाळी सुट्टी

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या महिन्यात पेटलेला वाद अजून शमलेला नाही. जर्मनीतील विद्यापीठाची उन्हाळी सुट्टी मी बीजिंगमध्ये चिनी भाषेच्या वर्गात घालवणार, हे कळताच काकांनी लिहिले, "पैसे मोजून शत्रूची भाषा शिकायला कशाला जातेस?" पाठोपाठ चुलतभावाने २०२० साली गलवानमध्ये हुतात्मा झालेल्या २० जवानांची आठवण करून दिली. ते दुःख खरे आहे आणि ते माझेही आहे. परंतु त्यातून ती भाषाच शिकू नये असा निष्कर्ष कसा निघतो, हे मला अद्याप कोणी समजावून सांगितलेले नाही.

हा विचार एकट्या काकांचा नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या २०१९च्या मसुद्यात शाळेत शिकता येतील अशा परदेशी भाषांच्या उदाहरणांत चिनी होती. जुलै २०२०च्या अंतिम धोरणात जपानी, कोरियन, थाई, रशियन राहिल्या आणि चिनी गळली. याउलट जर्मन सरकारने २०२३ साली जाहीर केलेल्या धोरणात चीनला एकाच वेळी भागीदार, स्पर्धक आणि प्रतिस्पर्धी म्हटले आहे, आणि चीन जाणणारी माणसे देशात वाढली पाहिजेत असेही म्हटले आहे. माझ्याबरोबर आलेल्या जर्मन मुलांना घरी कोणी जाब विचारला नाही. पुण्यात मी जर्मन शिकत होते तेव्हा मलाही कोणी विचारला नव्हता; उलट निकालाच्या दिवशी याच काकांनी पेढे वाटले होते.

येथे सकाळी आठला श्रुतलेखनाने दिवस सुरू होतो. शब्द कानावर पडताच चिन्ह हातातून उतरले पाहिजे. एक रेघ राहिली तरी लाओशी, म्हणजे शिक्षिका, लाल शाईने ती दाखवतात आणि तो शब्द पुन्हा पुन्हा लिहून आणायला लावतात. दुपारी सुलेखन, संध्याकाळी बीजिंगच्या वूदाओकोऊ भागातील एखाद्या कँटीनमध्ये टोमॅटो-अंडे आणि भात. वर्गात कझाकस्तान, इंडोनेशिया, थायलंड आणि पाकिस्तानची मुले आहेत, भारतातून आलेली मात्र मी एकटीच. व्हॉट्सॲप येथे बंद आणि वीचॅटवर भारतात जून २०२० पासून बंदी, त्यामुळे जर्मन सिमकार्डाच्या रोमिंगवर मी आईशी बोलते आणि काकांचे संदेशही वाचते.

मराठी माणसाचा स्वभाव सांगताना काका नेहमी चिनी प्रवासी युआन श्वांगचा दाखला देतात: येथील लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेतल्यावाचून राहत नाहीत. सातव्या शतकात, दुसऱ्या पुलकेशीच्या राजवटीत, हा भिक्षू महाराष्ट्रात आला होता. त्याने नालंदाला राहून अध्ययन केले आणि मायदेशी परतल्यावर उरलेले आयुष्य संस्कृत ग्रंथ चिनीत नेण्यात घालवले. ज्या वर्णनाचा आपल्याला एवढा अभिमान वाटतो ते चिनीत लिहिलेले आहे, आणि आपण ते वाचतो ते बहुधा इंग्रजी भाषांतरांच्या आधाराने. चिनी ग्रंथ मुळातून वाचणारे अभ्यासक पुण्यात होऊन गेले. पु. वि. बापटांनी पाली ग्रंथ त्यांच्याशी नाते सांगणाऱ्या चिनी ग्रंथांशी ताडून पाहिले. ती परंपरा आज आपल्या घरांतील चर्चेत कोठेच नाही, याचा मला राग येतो.

१९६२चे युद्ध चीननेही पाहिले होते. तरीही चिनी संस्कृततज्ज्ञ जी श्येनलिन यांनी सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, प्राध्यापकपद गमावून दारावर राखण करावी लागत असताना, वाल्मीकिरामायण संस्कृतातून चिनी पद्यात आणण्याचे काम सुरू केले, आणि १९८०च्या दशकात ते पूर्ण प्रसिद्ध झाले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला आले, जखमींवर उपचार करता करता भाषा शिकले, तीत विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि १९४२ साली, ऐन बत्तिशीत, येथेच वारले. शिजियाच्वांगला त्यांचा पुतळा आहे, एका शनिवारी मी तेथे जाऊन आले. आमच्या वयस्कर लाओशींना 'के दीहुआ' हे त्यांचे चिनी नाव सांगताच त्यांचा सूर बदलला आणि त्या मला सोलापूरविषयी विचारू लागल्या.

त्याच लाओशींनी एकदा भिंतीवरच्या नकाशावरून दिशांचे शब्द शिकवले. त्या नकाशात अरुणाचल प्रदेश चीनचा दाखवला होता. मी हात वर केला आणि येत होत्या तेवढ्या शब्दांत सांगितले की हा भाग भारताचा आहे आणि ही सीमा आम्हाला मान्य नाही. वर्ग गप्प झाला. लाओशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतले, माझा एक स्वर सुधारला आणि धडा पुढे नेला. त्यांचे मत बदलले असेल असे मला वाटत नाही. पण त्या वर्गात आमचे म्हणणे चिनीत उच्चारले गेले, आणि ते उच्चारायला तेथे कोणीतरी असणे आवश्यक होते. काकांनी गटावर लिहिलेले शंभर निषेध त्या खोलीत पोहोचले नसते.

पुण्यात असताना मी भारतीय आहे हे मला कधी कोणाला सांगावे लागले नव्हते. आता घरी चीनची बाजू घेते म्हणून ओरडा खाते, आणि येथे भारताची बाजू मांडताना माझा आवाज चढतो. दोन्हीकडे थोडी परकी झाल्याची जाणीव होते आणि ती त्रास देते. तरीही पुढच्या वर्षी येथील पूर्ण वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी मी अर्ज करणार आहे. काकांना ते गटावर न लिहिता फोन करून सांगेन, कारण त्यांच्या होकाराची मला आजही गरज वाटते.